चौकात वाकलेला माणूस

आज कस्तुराबाई अण्णासाहेबांच्या घरात पुढच्या दाराने शिरल्या, आणि निम्मी लढाई तिथेच जिंकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

परभणीच्या या बंगल्यात त्या येतच नव्हत्या असं नाही. चुलतभावाचं घर, येणं-जाणं कसं सुटेल? पण यायच्या त्या मागच्या दाराने, थेट स्वयंपाकघरात. विमलाबाईंच्या ओट्याशेजारी पाट टाकून बसायचं, भावजयीच्या हातचे धपाटे खायचे, पोराबाळांना हाका मारून तिथंच जवळ घ्यायचं, आणि आल्या वाटेने गंगाखेडची गाडी धरायची. दिवाणखान्यात पाय टाकायचा नाही. दिवाणखान्यात ते चित्र होतं.

चित्र गोपाळकाकांचं, म्हणजे अण्णासाहेबांच्या वडिलांचं. ते मानवतच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. निजामाच्या अमदानीत, अण्णासाहेब पाळण्यात होते तेव्हा, त्यांनी मानवतचा बाजारचौक तेलरंगात काढला. भरला बाजार. कासार, तेली, कापसाच्या गाड्या, मिरचीचे ढीग, शिंगं रंगवलेले बैल, एक भांडखोर म्हातारी, दोन कुत्री, आणि माणूस तर इतका की बोट ठेवायला जागा नाही. आणि या सगळ्याच्या अगदी मधोमध गोपाळकाकांचे थोरले भाऊ चंद्रभान. म्हणजे कस्तुराबाईंचे वडील. धोतर, पागोटं, हात पुढे घेतलेले, हातांवर उपरणं, आणि कमरेत वाकलेले. समोर शेरवानी घातलेला, लाल रुमी टोपीचा माणूस.

अण्णासाहेबांच्या मुलीचं, नीलमचं लग्न याच घरात झालं. तेव्हा पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, "हे मधले वाकलेले कोण?" अण्णासाहेब तेव्हा हेडमास्तर होते. चार माणसं समोर दिसली की त्यांना वर्गात उभं राहिल्यासारखं वाटायचं. ते म्हणाले, "आमचे थोरले काका. निजामाच्या अधिकाऱ्यापुढं किती वाकावं लागतं, ते त्यांच्याकडूनच शिकावं!" सगळे खळखळून हसले. पानसुपारीचं तबक घेऊन कस्तुराबाई दारात उभ्या होत्या. तबक त्यांनी विमलाबाईंच्या हातात दिलं, आणि तेव्हापासून दिवाणखाना बंद झाला. भाऊबीजसुद्धा बंद झाली. नारळ आणि करदोडा मुलाच्या, योगीराजच्या हाती जायचा. ओवाळायला बहीण यायची नाही. का येत नाही, हे अण्णासाहेबांनी विचारलं नाही आणि कस्तुराबाईंनी सांगितलं नाही. हट्टाच्या बाबतीत दोघं एकाच आजीची नातवंडं होती.

आणि आता काय, तर मानवतला त्याच चौकात नवं सभागृह बांधून झालं होतं, आणि तिथं दर्शनी भिंतीवर हे चित्र लागणार होतं. दुपारी टेम्पो येणार होता. ही बातमी योगीराजने सकाळी चहा पिता पिता सहज सांगितली, आणि कस्तुराबाईंनी पदर खोचून त्याला जीप काढायला लावली.

"अक्का! तू? इकडून?" अण्णासाहेब सोफ्यावरून उठायच्या घाईत चष्मा पाडून बसले.

"मागून यायला मी काय मोलकरीण हाय?" कस्तुराबाई म्हणाल्या.

विमलाबाई दारातच थबकल्या. इतकी वर्षं नणंदेला मागच्या दाराने यायला कुणी सांगितलं होतं, हा प्रश्न त्यांच्या ओठावर आला होता. पण त्या हुशार बाई. त्यांनी तो पाण्याच्या तांब्याबरोबर परत नेला.

चित्र भिंतीवरून उतरवून दोन खुर्च्यांवर टेकवलं होतं. वरची काच काढलेली होती. अण्णासाहेबांची नात मैत्रेयी मऊ कापडाने धूळ पुसत होती. पोरगी संभाजीनगरला चित्रकला शिकायला होती, आणि उद्याच्या समारंभात चित्राची माहिती तीच सांगणार होती. कस्तुराबाईंनी चित्राकडे पाठ करून खुर्ची ओढली आणि बसल्या.

"अण्णा, सरळ बोलते. मला फिरवून बोलता येत न्हाई. चित्र तुझ्या बापाचं हाय. पण त्याच्यातला माणूस माझा बाप हाय. त्याला गावाच्या चौकात वाकवून उभा करू नको."

"अक्का, अगं, ते कलेच्या दृष्टीनं..."

"कला घाल चुलीत. उद्या उठून शाळेतली लेकरं बघतील, बोट दाखवतील. ह्यो बघा, ह्यो वाकला. माझा बाप जल्मात कुणापुढं वाकला न्हाई. देवापुढं वाकायचं तरी गुडघे दुखायलेत म्हणायचा."

योगीराज दाराशी चपला काढत होता. मामाकडे यायचं म्हणजे आईच्या धाकाने स्वयंपाकघरातच बसायचं, ही त्याला लहानपणापासूनची सवय. आज दिवाणखान्यात उभं राहायला त्याला नवख्या गावात आल्यासारखं वाटत होतं. ऊस लावावा, बैलं पाळावीत, चांगलंचुंगलं खावं, आणि आई आणि मामा यांच्या भांडणात पडू नये, एवढंच त्याचं आयुष्याबद्दलचं मत होतं. पण आज त्याने तोंड उघडलं.

"मी काय म्हणतो मामा, आमच्या गंगाखेडला एक लय भारी पेंटर हाय. त्याला बोलवू. आजोबाची कंबर तेवढी सरळ करून घेऊ. दोन तासाचं काम."

अण्णासाहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो परीक्षेत कॉपी करताना सापडला होता.

"योग्या," कस्तुराबाई म्हणाल्या, "तू धपाटे खा."

"मग हार घालू," योगीराजपुढे धपाट्यांची ताटली सरकवत विमलाबाईंनी मधला मार्ग काढला. "मोठा झेंडूचा हार. अस्सा मधोमध लोंबला पाहिजे. काका झाकले जातात, आणि चित्राचा मानही होतो." विमलाबाई नेहमी नवऱ्याच्या बाजूने बोलत आणि नणंदेच्या बाजूने वागत. आज मात्र बोलणंही तिकडेच कललं होतं, हे अण्णासाहेबांनी टिपलं.

"तू पण?" ते म्हणाले.

"मी पण म्हणजे काय? काकांना मी पाहिलंय. लग्न होऊन आले तेव्हा ते दारात आले की हे घर दणाणायचं. वाकणारा माणूस नव्हता तो."

"अगं, पण चित्रात वाकलाय ना!"

"रोजचा हार कोण बदलणार?" मैत्रेयीने विचारलं. ती आजोबांच्या मदतीला धावून आली होती, पण तिची मदत म्हणजे आगीत तेल. "आणि अक्काआजी, ते झाकलं तर चित्रच संपलं. सगळ्या रेषा बघा ना, गाड्यांच्या, छपरांच्या, सगळ्या त्या दोघांकडेच जातात. इतका गजबजलेला बाजार, आणि मध्ये सत्ता आणि रयत. मी उद्या तेच सांगणार आहे. माझं भाषण तयार आहे."

"सत्ता आणि रयत," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजाला कंप सुटला, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. "ऐकलंस, विमल? माझ्या बापाचं पार भाषणच झालं."

झालं तर होतंच. अण्णासाहेबांनी हेडमास्तर असताना दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या झेंडावंदनानंतर हेच भाषण केलं होतं. 'गुलामीत माणसाची कंबर कशी मोडते, ते माझ्या घरच्या भिंतीवर आहे.' टाळ्या हमखास पडत. काकांना कमी लेखायचं त्यांच्या मनात कधी नव्हतं. पण टाळ्या पडणारं वाक्य मास्तरला सोडवत नाही.

कस्तुराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मैत्रेयीने पाहिलं. ती वरमली. पुसायचं कापड बाजूला ठेवून ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"अक्काआजी, मग तुम्हाला काय वाटतं? ते काय करत असतील?"

हे आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. कस्तुराबाईंनी पदराने डोळे टिपले. मग मागे न वळता म्हणाल्या, "काही पडलं असंल. उचलायला वाकला असंल."

"उचलायला वाकणाऱ्याचे हात खाली जातात," अण्णासाहेब म्हणाले. "इथं हात पुढं आहेत. जोडलेले. वर उपरणं."

"तुला जोडलेले दिसले? उपरण्याच्या आतलं दिसतंय तुला?"

"अक्का, सरळ दिसतंय की!"

"थांबा, थांबा," मैत्रेयी म्हणाली. "आमच्याकडे असं अडलं, की आम्ही माणूस उभा करून बघतो. चित्रातल्यासारखाच. योगीराजकाका, या. तुम्ही चंद्रभानआजोबा. आजोबा, तुम्ही ते शेरवानीवाले."

योगीराजने धपाट्याचा शेवटचा घास तोंडात कोंबला आणि हात पॅन्टला पुसले. अण्णासाहेब आधी नाही-नाही म्हणाले. पण शेरवानी नीलमच्या लग्नातली कपाटात पडूनच होती, आणि ती अजून अंगात येते की नाही याची त्यांना मनातून उत्सुकताही होती. आली, पण बटणं लागेनात. टोपीसाठी विमलाबाईंनी मिठाचा लाल प्लास्टिकचा डबा रिकामा करून आणला आणि नवऱ्याच्या डोक्यावर पालथा घातला. योगीराजच्या डोक्याला त्यांनी आपली जुनी ओढणी गुंडाळली आणि अण्णासाहेबांचं उपरणं त्याच्या हातात दिलं. कस्तुराबाईंना हसू आलं. त्यांनी ते पदराने पुसलं, पण सगळ्यांनी पाहिलं.

"काका, वाका."

योगीराज वाकला.

"अजून थोडं. हात पुढे. उपरणं हातावर." मैत्रेयी चित्राकडे बघायची, मग त्या दोघांकडे, परत चित्राकडे. "आजोबा, तुम्ही पण वाका."

"मी कशाला? मी अधिकारी!" डबा सावरत अण्णासाहेब म्हणाले. "अधिकारी कसा वाकेल?"

"मला काय विचारता? हा वाकलाय." तिने चित्रावर बोट धरलं. "टोपी बघा ना, पुढे कललीय. हनुवटी छातीशी. वाकलाय तोही. चंद्रभानआजोबांइतका नाही, पण वाकलाय."

अण्णासाहेब डब्यासकट चित्राशी गेले. इतकी वर्षं चित्र त्यांनी खालून, मान वर करून पाहिलं होतं, आणि काचेवर ट्यूबलाइट चमकायची. त्यांनी चष्मा पुढे-मागे केला.

"खरंच की," ते हळूच म्हणाले.

कस्तुराबाईंच्याने राहवेना. खुर्चीचा हात धरून त्या उठल्या आणि वळल्या. नीलमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. बाप समोर होता. पागोट्याचा तुरा कानावर आलेला, तो नेहमीच यायचा. त्यांनी वाकून बापाचे हात पाहिले. मग शेरवानीवाल्याचे.

"ह्याचा एक हात कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा?"

"ह्या टोपीवाल्याचा. डावा काठीवर हाय. उजवा कुठंय?"

उजव्या हाताची बाही पुढे येत होती आणि उपरण्याखाली जात होती. पांढऱ्या कापडाच्या घडीत गोपाळकाकांनी ती इतक्या हलक्या हाताने विरघळवली होती, की शोधल्याशिवाय सापडू नये.

"आजोबा, उपरण्याखाली हात घाला," मैत्रेयी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

अण्णासाहेब परत योगीराजसमोर उभे राहिले, वाकले, आणि त्यांनी उपरण्याखाली हात घातला. मामा-भाच्यांची डोकी जवळ आली. आणि योगीराजने काही विचार केला नाही. हात कापडाखाली आला आणि त्याच्या बोटांना आपलं काम ठाऊक होतं. त्याने मामाची बोटं धरली आणि कचकन दाबली.

"अरे ए! दाबतोस काय!" अण्णासाहेब ओरडले. मिठाचा डबा गडगडत सोफ्याखाली गेला.

योगीराज तसाच वाकलेला. त्याने मान वळवून चित्राकडे पाहिलं, परत आपल्या हातांकडे पाहिलं. तोंड उघडं ते उघडंच.

"आई," तो म्हणाला. "आई गं! आजोबा वाकले न्हाईत. आजोबा भाव करायलेत!"

"काय करायलेत?"

"सौदा! बैलाचा सौदा! बैलबाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत, मामा. चार लोकांनी ऐकला की बाजार बिघडतो. हातावर रुमाल टाकायचा आणि खालून बोटं दाबायची. हे बोट म्हणजे एवढे हजार, हे म्हणजे एवढे. मी मागल्या महिन्यात असंच वाकून खोंड विकला की. शेजारचा डोळा लावून बसतो, म्हणून दोघांनी डोकी जवळ घ्यायची. वाकावंच लागतंय!" त्याने चित्राकडे बोट केलं. "आणि ते काय मागं? बैल कुणाचा हाय?"

मागे बैल होता. गर्दीत तो आजवर नुसता बैल होता, बाजार आहे म्हणून असलेला. आता बघितलं तर त्याचा कासरा चंद्रभानांच्या कमरेला खोचलेला होता.

"म्हणजे हा अधिकारी नाही?" अण्णासाहेबांनी विचारलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एकेक सतरा सप्टेंबर त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावा.

"गिऱ्हाईक हाय. न्हाईतर दलाल. शेरवानी घातली की काय सगळे अधिकारीच व्हतात व्हय?"

"आणि मी पोरांना सांगत राहिलो..."

"मोडलेली कंबर," विमलाबाई म्हणाल्या, आणि त्यांना असं हसू फुटलं की ओट्यावरचं दूध उतू गेलं तरी त्या उठल्या नाहीत. मैत्रेयी पोट धरून खाली बसली. तिचं भाषण तिथल्या तिथे वारलं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. योगीराज तर मिठाचा डबा सोफ्याखालून काढून स्वतःच्याच डोक्यावर घालून नाचायला लागला.

कस्तुराबाई हसल्या नाहीत. त्या बापाकडे बघत होत्या.

त्यांना आठवलं. गोपाळकाका होते तोवर बाप त्यांच्या घरी गेला, की आधी या चित्रापुढे उभा राहायचा. बघायचा आणि हसायला लागायचा. खोकला येईपर्यंत हसायचा, गोपाळकाकाच्या पाठीत दणका घालायचा, आणि दोघं भाऊ एकमेकांकडे बघून परत हसायचे. लहानपणी कस्तुराबाईंना त्यात काही वाटलं नव्हतं. पण नीलमच्या लग्नानंतर त्या हसण्याचा त्यांनी वेगळा अर्थ लावला. बापाने धाकट्या भावासाठी अपमान हसून गिळला, असं धरून बसल्या. इतकी वर्षं त्या बापाच्या वतीने रडत होत्या, आणि बाप तर खूश होता. भावाने त्याचा सौदा भर चौकात काढला होता, आणि भाव झाकून ठेवला होता.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू आलं. असं आलं, की खुर्चीवर बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेही त्यांनी पुसलं नाही. "बाबा, अरे बाबा! सांगायचं तरी!"

हसणं ओसरल्यावर अण्णासाहेब शेरवानीतच त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. घसा खाकरला. म्हातारा मास्तर आता मोठं भाषण करणार, हे सगळ्यांनी ओळखलं.

"अक्का, त्या दिवशी नीलमच्या लग्नात मी जे..."

"भाषण नको, अण्णा. तुझी भाषणं आजच्यापुरती झाली."

"बरं, नाही करत. पण चित्राचं काय करू, ते सांग. तू नको म्हणालीस तर टेम्पो परत पाठवतो. द्यायचं का नाही?"

सगळे कस्तुराबाईंकडे बघायला लागले. बाहेर फाटकाशी टेम्पोच्या हॉर्नचा आवाज आलाच. कस्तुराबाईंनी चुलतभावाकडे पाहिलं. बटणं न लागलेली शेरवानी, कपाळावर डब्यातलं मीठ, आणि आता काय ऐकायला मिळतंय म्हणून घाबरलेले डोळे. शाळेत पहिल्या दिवशी याच डोळ्यांनी हा त्यांच्याकडे बघत होता. चौकातून त्याला हाताला धरून नेलं होतं त्यांनी, आणि फाटकापाशी हात सोडेना म्हणून चापटही मारली होती.

"असं तोंडानं सांगत न्हाईत," त्या म्हणाल्या. "हात आण इकडं."

"काय?"

"हात आण म्हणते."

त्यांनी खांद्यावरचा पदर मोकळा केला आणि पुढे पसरला. बायकांनी कधी असा सौदा केल्याचं योगीराजने बाजारात पाहिलं नव्हतं. पण त्याची आई होती, तिला कोण अडवणार? अण्णासाहेबांनी वाकून पदराखाली हात घातला. दोन पांढरी डोकी जवळ आली.

पदराखाली कस्तुराबाईंनी एकही बोट दाबलं नाही. त्यांनी भावाचा अख्खा हात धरला, घट्ट. अण्णासाहेबांना बाजारची भाषा येत नव्हती, पण ही आली. त्यांनीही धरला.

मैत्रेयी, विमलाबाई, योगीराज, तिघंही माना पुढे काढून बघत होते. टेम्पोवाला दाराशी येऊन आत डोकावला आणि हे काय चाललंय ते न कळून तिथंच थांबला.

"काय ठरलं, आजोबा?" मैत्रेयीने न राहवून विचारलं.

"नेऊ दे चित्र," कस्तुराबाई मान वर न करता म्हणाल्या. "पण तिथं उंचावर टांगू नका म्हणावं. लोकांना हात दिसले पाहिजेत."

टेम्पोवाल्याने पुढे होऊन चौकट धरली. योगीराज दुसऱ्या बाजूला गेला. बाजारचौक हळूहळू उचलला गेला, कासार आणि मिरच्या आणि कुत्र्यांसकट दाराकडे निघाला, आणि मध्येच अडला. कारण वाटेत दोघं म्हातारे अजून तसेच वाकलेले होते.

"आई, सोड की आता," योगीराज म्हणाला. "ठरलं न्हवं?"

"तू गप," कस्तुराबाई म्हणाल्या. "अजून भाव चाललाय."